मागच्या खोलीतली तालीम

२ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र सकाळी निघतानाच हाती पडलं. ते दुकानात आणलं. समोर खुर्चीत एक आजोबा बसले होते आणि मी त्यांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत पहिली स्पष्ट की दुसरी हे विचारत होते. पण धीर धरवेना. एका हाताने काच धरली, दुसऱ्या हाताने पत्र उघडलं आणि वाचता वाचता ओरडलेच. आजोबा इतके दचकले की घाईघाईने म्हणाले, दोन्ही स्पष्ट आहेत. त्यांना पुन्हा बोलवावं लागणार आहे.

आई, दादाला स्वतःची खोली! लाँड्रीच्या वरची! आणि ती त्याने स्वतः मागितली! बाबांनी लिहिलंय की जेवताना त्याने मान वर न करता सांगितलं, वरची खोली रिकामी झाली आहे, मला हवी आहे. हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवतेय. लहानपणी त्याला पाणी हवं असलं तरी तो माझं मनगट धरून मला माठापाशी न्यायचा आणि माझाच हात पेल्यावर ठेवायचा. ‘हवं’ हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायला आपण किती वाट बघितली! दादा स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी इतकी लहान होते की मला वाटलं तो एखादा हुद्दा असावा. मी शाळेत ऐटीत सांगून आले होते.

आणि अशा दादाला तू नाही म्हणालीस, असंही बाबांनी लिहिलंय. लाँड्रीच्या मालकीणबाई महिनाअखेरपर्यंतच खोली राखून ठेवणार, नंतर दुसऱ्या कुणाला देणार. म्हणजे हातात आहे हा एवढा महिना. अगं, त्याच लाँड्रीत तो कितीतरी वर्षं चादरींच्या घड्या घालतोय. बाई चांगल्या, रस्ता पायाखालचा, काम जिन्याच्या खालच्या टोकाला. याहून सोयीची खोली त्याला जन्मात मिळायची नाही. तुझ्या नाहीचं कारण मला सविस्तर हवं. फोन करून तुझ्याशी भांडलेच असते, पण फोनवर घरात कोणी मोठ्याने बोललं की दादा कानांवर हात ठेवून अंगणात जातो. त्याच्यापायी आपल्या घराला पत्रांची सवय लागली ती लागलीच. तेव्हा हे भांडण टपालाने.

बाबांना नमस्कार. दादाला सांग की मी इथे खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारतेय. खरोखर मारतेय का असं त्याने विचारलं, तर हो म्हणावं.

उत्तर लगेच धाडशील तर लोभ, उशीर केलास तर थोडा कमी लोभ.
तुझी,
भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कानात कापूस घालून वाचलं. एवढी उद्गारचिन्हं परवडतात कशी तुला?

कारण विचारतेस तर ऐक. ताप आला तर तो सांगत नाही. आपण कपाळाला हात लावला तर कळतं. गॅसवर काही ठेवलं आणि खिडकीत पडद्याची सावली हलायला लागली की हा तिथेच. शाळेत पोरं त्याचं दप्तर लपवायची आणि तो ते शोधत वर्गात एकटा बसून राहायचा, ते तू विसरलीस का? दप्तर हुडकून त्याला घरी घेऊन यायचीस ती तूच. जगात काय सगळ्या मालकीणबाईच असतात? तू लांब बसून उड्या मारतेस. इथे मी शिलाई मशीनवर बसले तरी लक्ष दारात. काल एका बाईच्या झग्याला एकच बाही लावून दिली.

आणि माझं आधीपासून ठरलेलं आहे. आम्ही आहोत तोवर तो आमच्याजवळ, आमच्यानंतर तुझ्याकडे. तू आहेस म्हणून तर मला शांत झोप लागते. मग मध्येच ही खोली कशाला?

पण तुझे बाबा गप्प बसणाऱ्यांपैकी आहेत का? नाट्यगृहात आयुष्यभर नेपथ्याच्या भिंती ठोकल्या, त्यामुळे त्यांना प्रत्येक अडचणीवर एकच औषध सुचतं. तालीम! दादाला दात दाखवायला न्यायचं होतं तेव्हा त्यांनी दिवाणखान्यात दवाखाना उभा केला होता, आठवतं ना? तू खुर्चीवर चढून दंतवैद्यीण झाली होतीस आणि चमचा घेऊन आम्हा सगळ्यांचे दात मोजलेस. तू चावा घेतल्याची नक्कल केलीस तर दादा पळाला, म्हणून बाबांनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. केस कापणं, शाळेचा पहिला दिवस, बसचा प्रवास, सगळं आधी आपल्या दिवाणखान्यात झालं आणि मग जगात. नियमही त्यांचाच. सगळ्यांना जमेपर्यंत कोणीही दाराबाहेर पडायचं नाही.

तर आता मागची अडगळीची खोली रिकामी केली आहे. लाँड्रीच्या वरच्या खोलीची मापं घेऊन तुझे बाबा कामाला लागले आहेत. मागच्या गल्लीत उघडणारं दार म्हणजे दादाचं घराचं दार. स्वयंपाकघरातून आत जायच्या दारापुढे प्लायवुडची भिंत येणार. तिथे शेगडी, मोरी, खाट, सगळं वरच्यासारखं. तिथे तो एकटा राहणार आणि आपण बघणार.

मी याला हो म्हटलं आहे, कारण हे फसणार याची मला खात्री आहे. तुझ्यापासून काय लपवायचं? फसलं की सगळे गप्प बसतील आणि माझं लक्ष मशीनवर परत येईल.

खोकल्याचं औषध घेतेस का? पत्रात खोकला ऐकू येत नाही म्हणून विचारते.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो काढून घेणार नाही.
तुझी,
आई

११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तालीम! बाबांना माझ्यातर्फे कडकडून मिठी मार. मी असते तर मीच मालकीणबाई झाले असते, कमरेला किल्ल्या लावून. इथे माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. दुकानातल्या सगळ्यांना सांगून झालं. सूट द्यायची नसते तरी एका गिऱ्हाइकाला दिली.

पण आधी एक गोष्ट बोलते, ती गोड करून बोलता येत नाही. आमच्यानंतर तुझ्याकडे, हे तू लिहिलंस ते वाचून मला आधी राग आला आणि मग रडू. दादासाठी मी काय वाटेल ते करीन. पण मी त्याची बहीण आहे, आई, राखीव आई नाही. मी धाकटी असून लहानपणापासून थोरली झाले. शाळेत मला नाव नव्हतं, मी ‘त्याची बहीण’ होते. माझ्या वाढदिवसाचीसुद्धा आधी तालीम व्हायची. फुगे नाहीत, टाळ्या नाहीत, मैत्रिणींनी नुसते हात हवेत हलवायचे. एका वर्षी मी पलंगाखाली जाऊन बसले होते आणि केक कापायला बाहेर आलेच नाही. तेव्हा दादा पलंगाखाली आला. आपल्या खिशातला रुमाल काढून घडी घातली, उलगडली, घडी घातली आणि मला दिली. मग मी घातली. किती वेळ तेच करत बसलो कोण जाणे. बाहेर आलो तेव्हा मैत्रिणी केक खाऊन गेल्या होत्या आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

असा भाऊ मला आहे. माझी चित्रं सगळे वाखाणायचे, तेव्हा घोडा कुत्र्यासारखा दिसतो हे खरं सांगणारा तो एकटा. मला तो भाऊ म्हणूनच हवा आहे. त्याच्या घरी मी जाईन, तो माझ्या घरी येईल, दोघं एकमेकांच्या चहाला नावं ठेवू. तू माझ्यावर सोपवलेलं माणूस म्हणून तो माझ्या दारात आला, तर आम्हा दोघांचंही काहीतरी हरवेल. हे त्यालाही कळतं असं मला वाटतं. नाहीतर त्याने खोली का मागितली असती?

झालं माझं बोलून. आता तालमीबद्दल. तुझी भूमिका आहे लांब राहणाऱ्या आईची. तिला त्याच्या घरातलं दिसत नाही, ऐकू येत नाही. रविवारी बोलावलं तर जायचं, दार वाजवून. बाकी दिवस ती आपल्या घरी, आपल्या मशीनवर, दोन्ही बाह्या लावत!

खोकला गेला. खरंच गेला.

तुला राग आला असेल तर तोही लोभातच धरावा.
तुझी,
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशीखाली ठेवलं आहे. राखीव आई हा शब्द लागला मला. पण तू पलंगाखाली का राहिली होतीस हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी तर समजत होते तुला केक आवडला नव्हता. त्याबद्दल भेटल्यावर बोलू, कागदावर मला नीट जमणार नाही.

आता इथली बातमी. अगं, फसत नाहीये! मी रोज वाट बघते आणि फसत नाही. पहिल्या दिवशी त्याने बटाटे जाळले. मी म्हटलं, झालं. तर त्याने स्वतः खिडकी उघडली, पातेलं पाण्यात घातलं आणि पाव खाऊन कामाला गेला. दुसऱ्या दिवशी बटाटे उकडून मगच खिडकीशी गेला. तुझे बाबा नेपथ्यामागून नटांना संवाद सुचवणाऱ्या माणसासारखे भिंतीला कान लावून बसले होते, ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

रविवारी आम्हाला चहाला बोलावलं. आम्ही घराला वळसा घालून गल्लीतून गेलो, दार वाजवलं. दादाने उघडलं आणि आत या म्हणाला. माझा मुलगा मला आत या म्हणाला! मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नव्हतं, त्यामुळे तोंडाचा नुसता चंबू झाला. खुर्च्या दोनच होत्या म्हणून तो उभा राहिला. साखर संपली होती आणि आणायची राहिली होती, ते त्याने आधीच सांगितलं आणि बिनसाखरेचा चहा दिला. तुझ्या बाबांनी कप चाटूनपुसून संपवला. कपडे खुंटीला, खाटेवरची चादर अशी ताणलेली की बसायला जीव होईना. परवा मी सहज गल्लीतून जात होते तेव्हा तो स्वतःशी गुणगुणत होता. काल सहज मागच्या पायरीवर फडकं वाळत घालायला गेले तर आत कांदा चिरल्याचा वास, आणि कांदा त्याला हात लावायलाही आवडत नसे. तुझ्या बाबांनी मला म्हटलं की तुझं सहज फार वाढलं आहे. त्यांना काय कळतं?

पण ऐक. काल मालकीणबाई आल्या. त्यांनी दादाला विचारलं की कधी येतोस राहायला. दादा म्हणाला, अजून नाही. बाबांनी विचारलं, तेव्हाही अजून नाही. संध्याकाळी मी विचारलं, पुन्हा तेच. बाई म्हणाल्या की महिना संपला की त्यांना थांबता येणार नाही, दुसरं माणूस विचारून गेलं आहे.

तुझ्या बाबांचं तोंड उतरलं आहे. त्यांना वाटतं की त्यांनी खोली फार हुबेहूब केली. दादाच्या मनाने तो राहायला गेलेलाच आहे आणि त्याला घर मिळालेलंच आहे, मग तो आणखी कुठे जाणार? मला मात्र यात काही वाईट दिसत नाही. वेगळा राहतो आहे, स्वतःचं करतो आहे आणि मध्ये एक प्लायची भिंत. सगळ्यांचंच भलं झालं. मी आनंद दाखवत नाही, पण मशीनवर बसून गाणं म्हटलं हे खरं.

तू खट्टू होऊ नकोस. लोभ तुझ्यावर, हट्ट सोडलास तर जास्तच.
तुझी,
आई

२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या खोलीबद्दल आई-बाबांची पत्रं आली. त्यांच्या पत्रांत तुला काय वाटतं ते आहे, पण ते तू लिहिलेलं नाही, त्यांनी ओळखलेलं आहे. माझ्या लक्षात आलं की सगळ्यांनी तुला कधी जातोस एवढंच विचारलं आणि तू त्याचं उत्तर दिलंस. का नाही, हे कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. म्हणून आता विचारते.

लाँड्रीवरची खोली तुला अजून हवी आहे का? मागची खोली हेच तुझं घर झालं आहे का? वर राहायला जायच्या आधी आणखी काय व्हायला हवं आहे?

तुला जसं वाटेल तसं लिही. मला आवडेल असं लिहू नकोस, तू तसं लिहिणारही नाहीस म्हणा. मला इथे चैन पडत नाही. दिवसभर लोकांना काच बदलून विचारतेय की आता दिसतं का, आणि आपल्याच घरातलं मला दिसत नाही.

उत्तराची वाट बघत,
तुझी बहीण,
भिंगरी

२४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. प्रश्न चांगले आहेत.

लाँड्रीवरची खोली मला हवी आहे. तिच्या खाली मोठी मशीनं आहेत. ती फिरली की जमिनीतून घरघर येते आणि पायांना कळते. ती मला आवडते. खिडकीतून चादरी वाळताना दिसतात. मी मालकीणबाईंना आधी विचारलं आणि मग घरी सांगितलं.

मागची खोली माझं घर नाही. ते नेपथ्य आहे. एक भिंत प्लायवुडची आहे. बोटाने वाजवली की पोकळ वाजते. घराची भिंत तशी वाजत नाही. बाबांना वाटतं मला ते कळलं नाही. मी लहान होतो तेव्हाही तुझा दवाखाना खरा नव्हता हे मला माहीत होतं. तुझ्या हातात चमचा होता.

जायच्या आधी काय व्हायला हवं, ते लिहितो. मला सगळं जमतं. बटाटे जमतात. साखर आता संपायच्या आधी आणतो. बाबांनाही जमतं. ते फक्त भिंतीला कान लावतात, पण आत येत नाहीत. आईला जमत नाही. मी कामावर गेलो की ती आत येते आणि शेगडी बंद आहे का बघते. मी परत येतो तेव्हा शेगडीची कळ पुसलेली असते. मी ती पुसत नाही. संध्याकाळी ती माझ्या दाराबाहेर उभी राहते. दाराखालच्या फटीतून तिच्या चपला दिसतात. मी दिवा घालवेपर्यंत त्या तिथे असतात.

माझं चुकलं की बाबा पुन्हा म्हणायचे आणि आपण पुन्हा करायचो. आईचं चुकलं तर तिला कोणी पुन्हा म्हणत नाही. सगळ्यांना जमेपर्यंत कोणीही दाराबाहेर पडायचं नाही, असा नियम आहे. मी वर गेलो आणि आईला जमलं नाही तर ती आजारी पडेल. म्हणून मी अजून नाही म्हणालो. मी तिच्यासाठी थांबलो आहे.

महिना संपत आला आहे. तिला हे सांगायचं असेल तर सांग. मला कसं सांगायचं ते माहीत नाही.

दादा

२६ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे. बसून वाच.

वाचलंस? आई, मी हसतेय आणि डोळे पुसतेय, आणि दुकानात सगळ्यांना वाटतंय की माझेच डोळे तपासायला झालेत. आपण काय काय ओळखत बसलो होतो! त्याला भिंत कळत नाही, त्याला खरं-खोटं कळत नाही, तो तालमीतच राहायला गेला! आणि तो बिचारा तिथे बसून तुझ्या चपलांकडे बघत होता. त्याला काही जमत नाही म्हणून तो थांबलेला नाही, आई. तो तुझ्यासाठी थांबला आहे. तुला जमावं म्हणून. आपण त्याच्यासाठी नेहमी थांबलो तसा.

तू आजारी पडशील म्हणून तो स्वतःची खोली सोडायला निघालाय. हे तुला चालणार आहे का? मला ठाऊक आहे नाही चालणार. मी तुला ओळखते, दादाचं दप्तर लपवणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन तू काय केलं होतंस तेही मला आठवतं.

तेव्हा रडून झालं की उठ. आता तालीम तुझी आहे. दिग्दर्शक घरातच आहे, मागच्या खोलीत. त्याला जाऊन सांग. दार वाजवून!

जीव टांगणीला लागला आहे, तो तुझ्याच हातात आहे.
तुझी,
भिंगरी

३० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच म्हणालीस, पण मी उभ्याने वाचलं आणि मग बसले. आधी राग आला. शेगडीची कळ पुसून ठेवली तर काय बिघडलं? मग तुझ्या बाबांनी पत्र वाचलं आणि ते माझ्या चपला उचलून आत ठेवायला गेले. तेव्हा मला हसू फुटलं, आणि हसता हसता हुंदकाच आला बघ. माझ्या मुलाला माझ्या चपला ओळखू येतात आणि त्या बघून तो माझ्यासाठी काळजी करतो. मला वाटायचं काळजी हे खातं आपल्या घरात माझ्या एकटीचं आहे.

गेले दार वाजवायला. म्हटलं, मला शिकव. दादाने मान हलवली आणि लगेच कामाला लागला. मालकीणबाईंना त्याने सांगून ठेवलं की आता फार दिवस लागणार नाहीत. माझ्यापेक्षा त्याचाच माझ्यावर विश्वास जास्त.

भिंगरी, असा कडक मास्तर मी पाहिला नाही! मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. म्हणाला, मी आता कामावरून येतो, तू उठायचं नाही. तो गल्लीतून आत गेला, दार लागल्याचा आवाज आला आणि माझे पाय आपोआप उठले. तो परत आला आणि म्हणाला, पुन्हा. पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्या वेळी खुर्ची घट्ट धरून बसले, तर म्हणाला, मान वळवायची नाही. आता मान कशी आवरू? तुझे बाबा ओट्याला टेकून इतके हसत होते की त्यांना ठसका लागला, तेव्हा त्यांना बाहेर काढलं. पुढे त्याने आत मुद्दाम पातेलं पाडलं. मोठ्याने. मी त्याच्या दारापर्यंत गेले होते, पण तिथून आपली आपण परत आले. ते त्याने दाराखालच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाला, हे बरं होतं.

शेगडीचं मात्र काही केल्या सुटेना. मग त्यानेच मला विचारलं की तुला कशाची भीती वाटते. कोणी मला हे आजवर विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ताप, गॅस, ती शाळेतली पोरं, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की ताप आला तर मी मालकीणबाईंच्या हातात माझा हात देईन, त्यांना कळतं. आधीच त्याने त्यांच्याशी हे बोलून ठेवलं होतं. माझ्या जिवात जीव आला ग.

शेवटची तालीम आज दुपारी झाली. दादाने आम्हा दोघांना बाहेर धाडलं. तुझे बाबा मला त्यांच्या नाट्यगृहात घेऊन गेले. इतकी वर्षं त्यांनी भिंती ठोकल्या आणि मी खुर्चीत बसून नाटक कधी पाहिलं नव्हतं, कारण दादाजवळ कोणीतरी हवं म्हणून मी कायम घरी. आज पाहिलं. नाटकात काय झालं ते नीट सांगता येणार नाही, मी अर्धा वेळ तुझ्या बाबांच्या भिंतींकडेच बघत होते. किती सुंदर करतात ग! मला वाटलं पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना सांगावं की ही खिडकी माझ्या नवऱ्याची आहे. आणि एकदम लक्षात आलं की बराच वेळ मी दादाची काळजी केलीच नाही. घाबरले आधी. मग म्हटलं, असू दे.

परत आलो. गल्लीच्या तोंडाशी आलो तर मागच्या खोलीत दिवा होता. मी वळले नाही. पुढच्या दाराने घरात गेले, मशीनवर बसले आणि एक झगा पुरा केला. रात्री स्वयंपाकघरात प्लायवर टकटक ऐकू आली. पलीकडून दादा म्हणाला, जमलं.

परवा तो जातो आहे. मालकीणबाईंनी हातात किल्ली दिली. राखीव आई तू व्हायला नकोस, भिंगरी. मी आता ते मनातून काढलं आहे. तू त्याची बहीण हो, तेवढंच पुष्कळ आहे.

तुझ्यावरचा लोभ कागदात मावत नाही, म्हणून इथेच थांबते.
तुझी,
आई

६ एप्रिल

भिंगरी,

मी लाँड्रीच्या वर राहतो. पत्त्यात लाँड्रीच्या नावानंतर ‘वरची खोली’ असं लिही, नाहीतर तुझं पत्र चादरींच्या गठ्ठ्यात जाईल.

इथली भिंत विटांची आहे. वाजवली तर वाजत नाही. नळ जास्त जोरात आवाज करतो, बाबांच्या नेपथ्यात नळाचा आवाज नव्हता. पहिल्या दिवशी मी कान झाकले. मग नळाच्या तोंडाला कापड बांधलं. आता पाणी गुपचूप पडतं. मशीनांची घरघर मला वाटली होती त्याहून चांगली आहे. झोपताना ती पाठीला कळते.

बाबांनी मागच्या खोलीतली प्लायची भिंत काढली. आईने तिथे शिलाई मशीन ठेवलं. तिला गल्लीतला उजेड आवडला.

काल संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं तर आई खाली समोरच्या बाजूला उभी होती. मी तिला बोलावलेलं नव्हतं. रविवार नव्हता. ती वर बघत नव्हती, तिच्या हातात पिशवी होती. मी खाली गेलो. ती म्हणाली की शर्ट धुवायला द्यायला आले. लाँड्री बंद झाली होती आणि दारावर तसं लिहिलेलं होतं. मी तिला ते दाखवलं. ती हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. दोन्ही एकदम. तू पण तसं करतेस.

मी तिला विचारलं की वर येतेस का. ती म्हणाली, नको, आज नको, रविवारी येईन. तिने हे स्वतः म्हटलं. मी शर्ट घेतला, कारण तो खरंच मळका होता. मग मी तिच्याबरोबर बसच्या थांब्यापर्यंत गेलो. बस यायला वेळ होता. तिने माझा हात धरला नाही, मी तिचा धरला. बस आली. ती चढली आणि खिडकीपाशी बसली. मी बस वळेपर्यंत उभा होतो.

मग मी घरी आलो. घरी म्हणजे इथे.

तू ये. साखर आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायला आई सांगते. तो आहे हे मला माहीत आहे, म्हणून मागत नाही.

दादा